पोरस कसरत

अजून आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. चौऱ्याण्णव सालची गोष्ट. माझ्या इंदिराला पोलिसात जायचं होतं. धुळ्याची भरती महिन्यावर आलेली, आणि पोरीला धावताना धाप लागायची. तेवढ्यात फौजेतून रिटायर झालेले जीवराम सर नाशिककडून साक्रीत आले. मैदानाच्या फाटकावर त्यांनी बोर्ड लावला, 'पोरस कसरत, एकवीस दिवस, फुकट'. खांद्यावर वाळूचं पोतं घेऊन पळायचं, दोरावर चढायचं, दम न खाता पुन्हा पळायचं.

इंदिरा पहिल्याच दिवशी गेली अन् तोंड पाडून परत आली. फाटकावरच्या उखर्डूने तिला सांगितलं होतं, "पोरेसनी कसरत शे बहीण, पोरीसनी नही." आमच्या बोलीत पोरेस म्हणजे पोरं, मुलगे. पोरगी बारावी शिकलेली, तिलाही वाटलं, बोर्ड रंगवणाऱ्याची मात्रा राहिली असेल. मग आठ दिवस ती कुंपणाबाहेर, बाजरीचं अर्धं पोतं खांद्यावर घेऊन, आतल्या शिटीवर पळत राहिली. येणारे-जाणारे दात काढायचे. मी मेली गप्प बसले, त्याचा मला आजही संताप येतो.

नवव्या दिवशी शेजारच्या मास्तरांनी सहज सांगितलं की पोरस हा जुन्या काळचा राजा, जखमी झाला तरी सिकंदरापुढे वाकला नाही. कसरत त्याच्या नावाची आहे. मी तव्यावरची भाकर तशीच टाकली, इंदिराचा हात धरला, उखर्डूला बाजूला सारलं आणि थेट सरांपुढे उभी राहिले. सर म्हणाले, ताई, फाटकावरच्याची चूक झाली, त्या बिचाऱ्याला काय माहीत राजा कोण.

"उखर्डूला वाचता येत नाही," मी म्हटलं. "पण सर, तुम्हाला तर दिसत होतं. आत एक पोरगी नाही आणि कुंपणाबाहेर एक पळतेय. आठ दिवसांत तुम्ही एकदा तरी विचारलं?"

सरांनी वाळूच्या पोत्यांकडे बोट दाखवलं. मग हळूच म्हणाले की वाळूचं पोतं जड असतं, झेपेल का तिला. इंदिराने पोतं उचललं आणि पोरांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. दहा फेऱ्या होत्या. सहाव्या फेरीला चार पोरं खाली बसली, माझी पोरगी दहावी संपवूनच थांबली.

सर खूश झाले. "शाब्बास," म्हणाले, "अगदी पोरासारखी पळालीस."

"पोरासारखी नाही, सर," मी म्हटलं. "पोरससारखी म्हणा. बोर्ड तुम्हीच लावलाय."