‘लीव्ह’ची मूळ कार्डं

अण्णांना जाऊन सात आठवडे झाले आणि त्यांच्या शब्दकोशातला ‘एल’ अक्षराचा भाग छापखान्यातून तपासणीला आला. इंग्रजी शब्द, त्याचं मूळ, नॉर्वेजियन आणि मराठी प्रतिशब्द, प्रत्येकाखाली एक उदाहरण, असा तो कोश. अण्णांची चाळीस वर्षं त्यात गेली आणि त्यांच्या लेकीची बावीस. ते कच्ची यादी हातात द्यायचे, ती टंकून काढायची. मूळ कार्डं मात्र त्यांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात असत, आणि किल्ली त्यांच्या खिशात.

सकाळी मुद्रितशोधकाचा फोन आला.

“ताई, ‘लीव्ह’पाशी गाडं अडलंय. सगळ्या उदाहरणांखाली संदर्भ आहेत, ते यादीत सापडतात. हे ‘ठ. प.’ मात्र कुठेच नाही. कोणाचं पुस्तक?”

“कुठलंसं जुनं पाठ्यपुस्तक आहे. यादीत मी घालतो, असं म्हणाले होते अण्णा.”

“मग तेवढं नाव बघून सांगा. अण्णा असते तर एका टिंबासाठी माझं डोकं खाल्लं असतं, आता तुमचं खायची पाळी माझी.”

ती हसली. ‘ठ. प.’ची उदाहरणं तिची लाडकी होती. बाकीची वाक्यं वर्तमानपत्रांतली, कायद्यांतली, कोरडी ठणठणीत. ‘ठ. प.’मध्ये कोणी बसमध्ये हातमोजे विसरायचं, कोणी सूप करपवायचं; आणि बोलणारी प्रत्येक वेळी बाईच. एकदा तिने विचारलंही होतं, “अण्णा, तुमच्या नॉर्वेत पुरुष तोंड उघडतच नाहीत की काय?” अण्णा बराच वेळ चष्मा पुसत राहिले होते.

कपाटात ‘लीव्ह’ची अकरा कार्डं निघाली. पहिल्यावर अण्णांच्या निळ्या शाईत शब्दाचं मूळ होतं: जुन्या इंग्रजीत ‘मागे राहू देणे’ एवढाच अर्थ, निघून जाणे हा अर्थ नंतरचा. दुसऱ्या कार्डावर कागदाची पट्टी डकवलेली होती. पट्टीवरचं अक्षर बॉलपेनचं, डावीकडे कललेलं.

तिने ते ओळखलं. तिच्या शाळेच्या वह्यांवर नाव ह्याच अक्षरात असायचं, ती नऊ वर्षांची होईपर्यंत. मग आई परिचारिकेच्या नोकरीवर नॉर्वेला गेली. दोन वर्षांसाठी. लेक रोज विचारायची, पत्र आलं का? अण्णा म्हणायचे, नाही आलं. वर्षभराने तिने विचारणं सोडलं. पुढे कधीतरी अण्णांनीच सांगून टाकलं की आईने आपल्याला मनातून काढून टाकलंय.

‘ठकू,’ आईने पट्टीवर तिच्या घरच्या नावाने लिहिलं होतं, ‘इथे लीव्हला एक शब्द पुरत नाही. ताटात अन्न टाकलंस तर लेव्ने. मरताना मागे काही ठेवलंस तर एत्तरलाते. प्रवासाला निघालीस तर द्रा. आणि आपल्या माणसाला टाकून गेलीस तर फोरलाते. तसं मी’

इथे कात्री लागली होती. उरलेलं पुढच्या कार्डावर होतं. ‘तुला टाकून गेलेले नाही. कोणी चिडवलं तर हे वाक्य त्याच्या तोंडावर म्हण.’ खाली ते वाक्य नॉर्वेजियनमध्ये, आणि कोपऱ्यात अण्णांच्या सुबक अक्षरात संदर्भ: ठ. प.

ठकूची पत्रं. कोशाशी अण्णा कधी खोटं बोलले नाहीत.

ते वाक्य तिने स्वतः टंकलं होतं. कधीतरी दुपारी, चहाचा कप बाजूला ठेवून. एक अक्षर चुकलं म्हणून खोडून पुन्हा टंकलंही असेल.

आत्या दारात येऊन उभी राहिली. अण्णांची ही बहीण आई नॉर्वेला गेल्यापासून घरात होती.

“कपाट कशाला उघडलंस गं?”

“आत्या, पत्रं यायची?”

आत्याने कार्ड पाहिलं आणि ती पलंगाच्या कडेला टेकली. “सहा वर्षं यायची. मग थांबली.”

“आणि तू गप्प बसलीस.”

“बोलवत होती ती तुला. तू गेली असतीस, मग त्याच्यापाशी काय उरलं असतं? ही कपाटं?”

“मला विचारलं असतं तर?”

“दहा वर्षांच्या पोरीला काय विचारायचं! आणि जाळली नाहीत त्याने, हे तरी बघ. एकेक ओळ जपून ठेवलीय.”

“वर्णानुक्रमाने,” लेक म्हणाली.

तिने पट्टीसकट कार्ड उजेडासमोर धरलं. आई कागदाच्या दोन्ही बाजूंना लिहायची. अण्णांना एकच बाजू लागायची. दुसरी डिंकाखाली गेली होती. कागदातून काही अक्षरं अंधूक दिसत होती, वाचता मात्र येत नव्हती.

तिने स्वयंपाकघरातून पसरट भांडं आणलं, त्यात कोमट पाणी ओतलं आणि कार्ड आत सोडलं.

“अगं, शाई जाईल!” आत्या उठलीच. “त्याची शाई पाण्यात टिकत नाही. ‘एल’च्या पुढचं सगळं अजून टंकायचंय तुला. त्याच्या जन्माचं काम आहे ते!”

“पत्रं माझी आहेत.”

अण्णांची अक्षरं आधी फुगली, मग पाणी निळं झालं. बॉलपेन टिकलं. दहा मिनिटांनी पट्टी सुटली. तिने ती दोन बोटांनी उचलून पालथी केली आणि टॉवेलवर ठेवली.

‘बूट पाठवतेय. अंदाजानेच घेतलेत. पाऊल कागदावर ठेवून रेघ मारून पाठव म्हणून तीनदा लिहिलं, पाठवत का नाहीस? रागावलीस का?’

आत्याने मान वळवली. फोन वाजू लागला, छापखान्याचाच असणार. लेकीने तो वाजू दिला, निळं पाणी मोरीत ओतलं, भांडं पुन्हा भरलं आणि ‘ए’चा खण ओढला.