मान्साची कचरापेटी

ओबेंगचा फोन आला तेव्हा कोनादू एजिसूला आईच्या घरी पडवीत बसून कुणा शिक्षकाच्या लॅपटॉपमधून मुंग्या काढत होती. दोन वर्षांत या माजी नवऱ्याचा एक शब्द आला नव्हता. आता आला तोही कशी आहेस, बरी आहेस का, असं काही नाही. सरळ म्हणाला, "कोनादू, मशीन उघडत नाहीये."

"कुठलं मशीन?" तिनं विचारलं. कुठलं ते तिला चांगलं ठाऊक होतं. त्याच्या तोंडून वदवून घ्यायचं होतं, एवढंच.

"तेच गं. तुझं लिनक्सवालं."

"माझं? माझं काय आहे त्या घरात?"

ओबेंग घाईघाईनं बोलू लागला. पासवर्ड टाकला की स्क्रीन काळा होतो आणि पुन्हा पासवर्ड विचारतो. आई गेली, तिचे सगळे फोटो त्यात अडकलेत. शनिवारी अंत्यविधी, त्याची पुस्तिका उद्या छापायला जायला हवी. फोनच्या दुकानातला माणूस म्हणतो, सगळं पुसून नवं टाकतो.

"पाद्रीबाबांनी प्रार्थना केली?"

"केली."

"मग?"

"नाही उघडलं."

"येते," कोनादू म्हणाली. "पण झालेलं काम मी सोपवेन ते तुमच्या मामांच्या, ओपानिन बोआडूंच्या देखत. ते उद्या बाराला येत असतील तर येते."

फोन ठेवून तिनं लॅपटॉपचं झाकण फटकन लावलं. गेली दोन वर्षं ती रोज उठल्या उठल्या या माणसांना शिव्या घालत होती. आज ती माणसं आपल्या पायांनी तिच्या दारात आली होती.

त्या घरातून तिला काढलं ते असं. सासू, मा पोकुआ, पाव भाजून विकायची आणि त्याच्या कमाईवर तिनं तिठ्यावरचं दुमजली घर स्वतः बांधलेलं. ते कुणाला द्यायचं हे मरण्याआधी तोंडानं सांगायची रीत आहे. सांगताना तीन माणसं ऐकायला लागतात. म्हातारी म्हणाली, माणसं मरतात, विसरतात, विकत घेतली जातात. मी या मशीनला सांगते, माझ्यामागे उघडा. घराण्याचे प्रमुख ओपानिन बोआडू, म्हणजे तिचे भाऊ, आधी कुरकुरले, मग म्हणाले, तिचाच चेहरा आणि तिचंच तोंड असेल तर चालेल. कोनादूनं कॅमेरा लावून दिला आणि दार ओढून बाहेर गेली. सासूचं बोलणं चोरून ऐकायची तिची पद्धत नव्हती.

महिन्याभरात म्हातारीला झटका आला आणि तिची वाचा गेली. आणि मशीनमधलं ते बोलणंही गेलं. फाईल नाहीच! नणंद मान्सानं भर बैठकीत छाती बडवून सांगितलं, "त्या मशीनमधलं कुणाला कळतं? हिला! घर नवऱ्याच्या नावावर नाही हे ऐकलं असेल, म्हणून पुसलं. ही खोटारडी आहे, चोरटी आहे, आईचे शब्द खाल्ले हिनं!" सगळ्यांनी माना डोलावल्या. ओबेंगनं बहिणीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि बायकोच्या खांद्यावर पांढरी माती टाकली. आमच्याकडे नवऱ्यानं अशी माती टाकली की लग्न संपलं. कोपऱ्यातल्या खुर्चीत म्हातारी तोंड वाकडं करून काहीतरी सांगू पाहत होती, तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण तिच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

तेव्हापासून एजिसूच्या बाजारात कोनादू गेली की बायका पाकिटं छातीशी धरायच्या. शाळेनं संगणक शिकवायचं काम काढून घेतलं. तिला तिचं नाव परत हवं होतं. आणि खरं सांगायचं तर तेवढ्यानं तिचं भागणार नव्हतं. मान्सा रडताना तिला बघायची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला ती तिठ्यावरच्या घरात शिरली. अंगणात मंडप उभा राहत होता, भाड्याच्या खुर्च्या टेम्पोतून उतरत होत्या. आमच्याकडे वैरी जरी घरी आला तरी आधी पाणी देतात आणि मग येण्याचं कारण विचारतात. मान्सा काळ्या लुगड्यात दारातच कमरेवर हात ठेवून उभी होती. पाण्याचं नावही नाही.

"आलीस? मला वाटलं तोंड दाखवायची लाज वाटेल."

"लाज इथेच राहिली होती, सिस्टर मान्सा. तीच न्यायला आले."

"फार बोलू नकोस. मशीन उघड, फोटो दे, आणि चालू लाग. आणि माझ्या जागेत नाक खुपसायचं नाही, सांगून ठेवते!"

कोनादूनं मान डोलावली. ती मशीनसमोर बसली, पदराच्या टोकानं धूळ पुसली. हे मशीन तिनंच तीन मोडक्या मशीन्सचे भाग जोडून उभं केलं होतं. घरातल्या प्रत्येकाला त्यात वेगळी जागा, वेगळा पासवर्ड. तिचा स्वतःचाही होता, सगळ्यांच्या जागा उघडणारा. तो काढून कसा टाकायचा हे या शहाण्यांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

तिनं पासवर्ड टाकला. स्क्रीन काळा झाला आणि पुन्हा दारात आणून सोडलं. पासवर्ड चुकला असता तर मशीननं तसं सांगितलं असतं. बरोबर असूनही आत घेत नाही, म्हणजे आत पाऊल ठेवायला जागा उरलेली नाही. सजावटीचं दार बंद असलं तरी लिनक्सला मागचं दार असतं. तीन बटणं एकदम दाबली की नुसती काळी पाटी येते आणि तिच्यावर अक्षरं लिहून काम करता येतं. कोनादू त्या दारानं आत गेली आणि डिस्क किती भरलीये ते विचारलं. उत्तर आलं, शंभर टक्के.

मग ती एकेक खोली मोजत गेली. ओबेंगची रिकामीच होती, त्याच्या डोक्यासारखी. मा पोकुआची लहान. आणि मान्साची? बाप रे! आणि तिथेही सगळा पसारा कचरापेटीत.

मान्साला अंत्यविधींचं वेड होतं. दर शनिवारी कुठे ना कुठे ती लाल-काळं नेसून पहिल्या रांगेत असायचीच. मग व्हिडिओवाल्याच्या मागे लागून पेन ड्राईव्ह मिळवायची, अख्खे सहा तास मशीनमध्ये उतरवायची, आपण कितीदा दिसलो ते मोजायची आणि फाईल फेकून द्यायची. फेकली म्हणजे गेली, असं तिला वाटायचं. पण ती कचरापेटीत जाऊन पडते. पेटी वेगळी रिकामी करावी लागते, हे कोनादूनं तिला तीनदा शिकवलं होतं. तेव्हा मान्सा म्हणाली होती, तू मला कचरा टाकायला शिकवणार?

दोन वर्षांचे मेलेले एकमेकांच्या उरावर रचून पडले होते. कोनादू यादी खाली सरकवत गेली. सगळ्यात तळाशी एक नाव दिसलं आणि तिचं बोट थांबलं.

'मा पोकुआचे शब्द.'

फेकलेल्या प्रत्येक वस्तूसोबत लिनक्स एक चिठ्ठी ठेवतं. वस्तू कुठून उचलली आणि कधी फेकली. तिनं ती उघडली. बेक्वाईच्या अंत्यविधीचा शनिवार, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. त्या वेळी कोनादू बेक्वाईत आपल्या मामाच्या शवपेटीशेजारी बसली होती आणि तिच्या बाजूच्याच खुर्चीवर ओपानिन बोआडू घाम पुसत होते. अख्खं घर तिथे होतं. आयुष्यात एकच अंत्यविधी मान्सानं चुकवला होता, डोकं दुखतं म्हणून.

कोनादूला हसू आलं. असं हसू की तोंडावर हात दाबावा लागला.

तिनं वरवरचे चार-पाच मेलेले पुसले, तेवढ्यानं आत शिरायला जागा झाली. आता मशीन रीतसर उघडलं. तिनं कानांत इयरफोन घातले आणि फाईल लावली. समोर मा पोकुआ आली. डोक्याला रुमाल, हातावर पिठाचे डाग. आपल्या स्वच्छ, खणखणीत आवाजात ती म्हणत होती, "हे घर मी मान्साला देते. एकटीला. ओबेंगला बायको चांगली मिळालीये, कोनादू त्याला उपाशी ठेवणार नाही. मान्साला काय आहे? नुसती जीभ आहे. जिभेवर कुणी जगत नाही. म्हणून घर तिला. बोआडू, माझ्या मुलीला बाहेर काढशील तर याद राख!"

कोनादूनं फाईल पुन्हा लावली. पुन्हा ऐकली.

म्हणजे त्या बयेनं ऐकलंही नव्हतं! आई आपल्याला न बोलावता बोलली, म्हणजे घर भावाला गेलं, असं धरून तिनं स्वतःचंच घर कचऱ्यात टाकलं होतं. आणि त्यापायी कोनादूचा संसार!

खिशात पेन ड्राईव्ह होता. उतरवून घ्यायला मिनिट लागलं नसतं. ओपानिनना ऐकवलं असतं तर कोनादूचं नाव धुतलं गेलं असतं आणि मान्साला दुमजली घर मिळालं असतं. मिळू दे? त्या घराच्या गच्चीवर बसून ही मला हसणार? सासूचा आवाज तिच्या कानात अजून होता आणि त्या आवाजासाठी तिचा जीव तुटत होता. पेन ड्राईव्ह तिनं खिशातून काढला नाही. फक्त ती चिठ्ठी छापली आणि घडी घालून कमरेला खोचली. मग फोटो एका बाजूला काढून ठेवले.

बाराला ओपानिन आले. काठी टेकत, मागे पाच-सहा म्हातारे, ओबेंग आणि मान्सा.

"झालं का गं पोरी?"

"झालं, ओपानिन. पुस्तिकेचे फोटो ओबेंगच्या खोलीत ठेवलेत. पण मशीन पुन्हा बंद पडेल. सिस्टर मान्साच्या कचरापेटीनं सगळी जागा खाल्लीये." ती मान्साकडे वळली. "तुमचा पासवर्ड तुम्हीच टाका. मी नाक खुपसत नाही."

मान्सानं पासवर्ड टाकला. कोनादूनं पेटी उघडली आणि विचारलं, "यात काय काय आहे ते बघून घेता का? वाचून दाखवू का सगळ्यांना?"

मान्साच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "काय वाचायचंय त्यात? कचरा आहे. फेक!"

"एकदा फेकलं की मलाही परत आणता येणार नाही. फेकू?"

"सांगितलं ना, फेक!"

"सिस्टर मान्सा, तिसऱ्यांदा विचारते. नवऱ्याकडून आलेली लग्नाची दारू स्वीकारू का, हे मुलीला तीनदा विचारतात तसं विचारते. ओपानिन साक्षीला आहेत. पेटीत जे आहे ते तुमचं आहे. फेकू?"

"ए! बहिरी आहेस का? सगळं फेक! एकही ठेवू नकोस!"

कोनादूनं बटण दाबलं. क्षणभर पट्टी सरकली आणि पेटी रिकामी झाली. मान्सानं इतका मोठा सुस्कारा सोडला की ओबेंगनं वळून पाहिलं.

मग कोनादूनं कमरेचा कागद काढला आणि दोन्ही हातांनी ओपानिनना दिला. म्हाताऱ्यानं चष्मा लावला, ओठ हलवत वाचलं, पुन्हा वाचलं.

"बेक्वाईचा शनिवार," ते हळूच म्हणाले. "त्या दिवशी तू माझ्या शेजारी होतीस. मला वारा घालत होतीस."

"हो, ओपानिन."

"आणि ही चिठ्ठी मान्साच्या पेटीतली?"

"खोटं आहे!" मान्सा किंचाळली. "तिनंच बनवलीये! खोटारडी आहे ती, मी तेव्हाच सांगितलं होतं!"

ओपानिननी काठी जमिनीवर आपटली. "गप्प! कोनादू, म्हणजे आत्ता फेकलं त्यात माझ्या बहिणीचे शब्द होते? तू ऐकलेस?"

"सकाळी ऐकले. दोनदा."

"आणि तरी फेकलेस?"

"मशीन माझं नाही, घर माझं नाही, पेटी सिस्टर मान्सांची. मी तीनदा विचारलं. तुम्ही ऐकलंत."

म्हाताऱ्यानं चष्मा काढला. तिनं हे मुद्दाम केलंय, हे त्याला कळलं होतं. "काय म्हणाली पोकुआ?"

कोनादूनं मान्साच्या डोळ्यांत बघत सांगितलं. आजवर कुठलाही घास तिला इतका गोड लागला नव्हता. "म्हणाल्या, हे घर मी मान्साला देते. एकटीला. ओबेंगला बायको चांगली मिळालीये. मान्साला नुसती जीभ आहे आणि जिभेवर कुणी जगत नाही. बोआडू, माझ्या मुलीला बाहेर काढशील तर याद राख."

ते शब्द पोकुआचेच होते. त्या खोलीत पोकुआला ओळखत नव्हता असा एकही माणूस नव्हता, आणि कोनादूच्या मनचे ते असूच शकत नव्हते.

ओबेंग बहिणीपासून दोन पावलं बाजूला सरकला.

ओपानिन कागदाची घडी घालू लागले. "एकटीनं ऐकलेल्यावर घर देता येत नाही. तीन माणसं हवीत, नाहीतर तिचा स्वतःचा चेहरा. दोन्ही नाही. घर घराण्याचं. खालचा मजला भाड्यानं देऊ, वरचं पुढच्या बैठकीत ठरवू. मान्सा, अंत्यविधी झाला की सामान आवरायला घे."

"मामा, नाही!" मान्सा त्यांच्या पायांशी कोसळली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, काळं लुगडं धुळीत लोळत होतं. "मामा, आई तसंच म्हणाली असेल! तसंच म्हणाली! कोनादूनं ऐकलंय ना!"

"पण ती तर खोटारडी आहे," ओपानिन म्हणाले. "तू आत्ताच म्हणालीस. दोन वर्षांपूर्वीही म्हणालीस, आणि आम्ही तिच्यावर माती टाकली."

"नाही, मामा, नाही! ती खोटं बोलत नाही!" मान्सा कोनादूकडे बोट दाखवून जीव तोडून ओरडली, इतकी मोठ्यानं की अंगणात खुर्च्या लावणारे लोक दारात येऊन उभे राहिले. "सगळे ऐका! फाईल मी टाकली होती, मी! कोनादूनं काही केलं नव्हतं! कोनादू आयुष्यात कधी खोटं बोललेली नाही!"