तुझ्या बापाचं रान

वेडी बाभळ ज्यानं मुळासकट काढलीय त्यानंच माझ्याशी वाद घालावा. वरनं तोडली की खालनं दसपट फुटती ती. खोडाभवती कुदळीनं गुडघाभर उकरायचं, मुळी उघडी पाडायची आन् मग कुऱ्हाडीनं तिचा जीव घ्यायचा. शहाण्णव सालच्या माघ-फाल्गुनात आमच्या घरामागची तीन गुंठं मी एकटीनं अशी साफ केली. एक काटा चपलंतनं आरपार टाचंत गेला, ओढून काढला तर भळाभळा रक्त आलं. एक घोणस निघाली. तिचं तोंड कुदळीनं ठेचलं, आन् शेपूट हालायचं थांबलं तरी ठेचत राहिले. राग व्हता मला, आन् तो काय घोणशीवरचा न्हवता.

धरणाचं पाणी चढलं आन् डाळज गाव वर हाललं, तवा ही जागा आमच्या सासऱ्याला मिळालेली. तवापासनं पडीकच. आमचं मालक बाजीराव लोणी देवकरला कारखान्यात. घरी आलं की पेपर वाचायचा आन् झोपायचं. मी म्हणलं, परसात वांगी लावायची. तर म्हणले, "बाजारात काय वांगी मिळत न्हायत व्हय?" मिळत्यात. पण मला बाजारातली नको व्हती.

महिपतीचं नाव आता काढावंच लागतंय. गावात त्याचा दांडगा ऊस, आन् उसाच्या कडंला वांग्याचा पट्टा. बारा वरसं मी त्याच्या रानात खुरपलं. एकदा दिवस मावळायला चार किडकी वांगी मी ओटीत घेतली. बैलाम्होरं टाकायची वांगी ती. महिपती बांधावर उभा व्हता. त्यानं सगळ्या बायांदेखत मला ओटी सोडायला लावली, वांगी मातीत पडली, आन् म्हणला, "तुझ्या बापाचं रान हाय का गं हे?" वीस बाया व्हत्या, एक बोलली न्हाय. त्या दिवसापासनं त्याच्या रानात पाय टाकला न्हाय आन् वांगं तोंडात घातलं न्हाय. खाईन तर माझ्या जागंतलं खाईन, असं मनाशी धरलं ते धरलं.

आता जे माझं चुकलं ते बी सांगते. ती बाभळ म्हंजे आमच्या आळीतल्या बायांचा आडोसा व्हता. संडास कुणाच्याच घरी न्हाय. उजाडायच्या आत टमरेल घेऊन सगळ्या त्याच काट्यात जायच्या, मी सुद्धा. मी कुदळ घातली तवा शेजारची भामाबाई येऊन उभी राहिली. माझ्यापेक्षा वयानं थोर, नवरा न्हाय, घरात ती, ल्योक आन् नवी सून मेघना.

"तुळसे, मागच्या अंगाची चार झाडं तरी ठेव. सूनबाईला दिवस गेल्यात. ती कुठं जाईल?"

"मी आता ओढ्याला जाती. तिला पाय न्हायत का?"

"ओढा मैलभर हाय की गं."

"मग तुझ्या अंगणात बसव."

असं बोलले मी. तोंड हाय का काय हाय माझं, पण बोलले. भामाबाई गेली आन् मी मागच्या अंगाची ती चार झाडं त्याच दिवशी पाडली. काट्यांचा ढीग बेळक्याच्या काठीनं लोटून कोपऱ्यात रचला. वाफं केलं, मोरीचं पाणी चर काढून आत घेतलं. वांगी, मिरच्या, दोडका, कडंनं शेपू. चैतात वांग्याची रोपं वीतभर झाली. सकाळी उठलं की चहा ठेवायच्या आधी मी त्यांच्याकडं बघून यायचे. माझं म्हणावं असं जन्मात तेवढंच व्हतं.

मग वाफ्यात घाण दिसाय लागली. आधी कडंला, मग मधी, रोपं पायाखाली मोडलेली. पहिल्या दिवशी खोऱ्यानं उचलली. दुसऱ्या दिवशी उचलली. तिसऱ्या पहाटं बाभळीचा ओला फोक घेऊन मी मोरीच्या आड दबा धरून बसले.

मेघना आली. एकटीच. सहावा लागलेला, एक हात कमरंवर, चालायचं जड झालेलं. वांग्याच्या वाफ्याशी येऊन बसली. मी उठले आन् पाठीवर फोक वढला. ती तशीच पुढं हातावर पडली. दुसरा वढला, तिसरा वढला. फोकाला काटं व्हतं, झंपर फाटला. तिनं दोन्ही हात पोटावर धरलं आन् पाठ मला दिली. तोंडातनं आवाज काढला न्हाय तिनं, कारण आरडली असती तर गडीमाणसं आली असती आन् ती तसल्या अवस्थेत.

"तुझ्या बापाचं रान हाय का गं हे?" मी म्हणले.

माझ्याच तोंडातनं निघालं, आन् मला त्याचं काय वाटलं बी न्हाय. उलट बरं वाटलं.

दिवस वर आला तवा भामाबाई आली. तिनं आल्या आल्या माझ्या झिंज्या धरल्या. दोघी वाफ्यात पडलो. तिनं माझ्या दंडाला चावा घेतला, मी तिच्या तोंडावर कोपर हाणलं, तिचा पुढचा दात पडला. मग तिनं दगड घेतला. माझ्या कपाळावर ही खूण हाय ती त्याचीच. बाकीच्या बाया बघत उभ्या. आमचं मालक बनियनवर बाहेर आलं आन् म्हणले, "अगं, रोपं मोडत्यात." खरंच मोडली व्हती. आम्ही दोघींनीच निम्मी मोडली.

त्या दिवसापासनं माझ्या परसात कुणी आलं न्हाय. बाया आता आळीच्या पलीकडं महिपतीच्या उसात जाय लागल्या. आडसाली ऊस, डोक्याच्या वर गेलेला, आन् जवळ. मी पडलेली रोपं परत उभी केली.

वैशाखात महिपती माझ्या दारात आला. चप्पल बाहेर काढून उभा राहिला आन् म्हणला, "तुळसाबाई, काटं पायजेत. बाया उसात शिरत्यात, बांध बंद करायचाय." तुळसाबाई. ज्यानं मला ओटी सोडायला लावली त्यानं मला बाई म्हणलं, तेबी माझ्या दारात, काय तरी मागायला. सांगायला लाज वाटती, पण मी फुगले. बांध बंद झाल्यावर बाया कुठं जातील ते मला कळत न्हवतं असं न्हाय. कळत व्हतं. "न्या की," म्हणले मी. दोन गाड्या भरून माझी बाभळ गेली आन् बदल्यात त्यानं शेणखताची गाडी पाठवली. ते खत मी वांग्याला घातलं.

मग आठ दिवसांनी, तांबडं फुटायला, मी कोयता घेऊन दोडक्याच्या मांडवाला मेढी तासत व्हते. उसाच्या बाजूनं आवाज आला. कुत्रं क्याव करावं तसा एकदाच. मग महिपतीचा आवाज. लांबनं शब्द कळंनात, पण चाल कळली. माणूस मारताना बोलतो ती चाल. मी उठले. कोयता हातात तसाच राहिला.

बांधावर माझ्या बाभळीच्या काटेरी फेसाट्या कमरंएवढ्या रचलेल्या. त्यात मेघना अडकलेली. आत शिरायला जागा शोधताना पाय घसरला असंल, लुगडं काट्यांत गुतलेलं, पाय उघडं, रक्तानं भरलेलं. सातवा महिना. पोटाखाली काटं जाऊ नयेत म्हणून कोपरावर अंग तोलून धरलेलं. आन् वरनं महिपती तिला फोकानं झोडत व्हता. फोक बाभळीचा. माझ्याच ढिगातला.

"तुझ्या बापाचं रान हाय का गं हे?" तो म्हणला.

मला आधी वाटलं मीच बोलले. खरं सांगते, क्षणभर तोंडावर हात गेला माझा. वांगी मातीत पडलेली दिसली, मग मेघनाची पाठ दिसली, फाटक्या झंपरातली, माझ्या फोकाचं वळ असलेली. तेच शब्द. ह्यानं मला दिलं, मी जपून ठेवलं आन् त्या पोरीला दिलं.

"महिपती, हात खाली घे," मी म्हणले. राव न्हाय लावलं.

त्यानं माझ्याकडं बघितलं आन् हासला. "तूच काटं दिलंस की," म्हणला, आन् हात परत वर घेतला. मी कोयता मारला. मनगटाला मारायचा व्हता, बोटांवर बसला. करंगळी आन् तिच्या शेजारचं बोट, दोन्ही फोकासकट खाली पडली. त्यानं आधी हाताकडं बघितलं, मग मला लाथ घातली. बरगडीत काय तरी मोडल्याचा आवाज मलाच ऐकू आला. मी खाली पडले तरी कोयता सोडला न्हाय. दुसऱ्यांदा पाय उचलला तर पायावर मारीन, असं त्याला दिसलं असावं. हात धोतरात गुंडाळून तो रडत पळाला.

काट्यांतनं मेघनाला सोडवायला मला अर्धा तास लागला. एकेक फेसाटी कोयत्यानं तोडली. श्वास घेतला की बरगडी सुई टोचल्यागत दुखायची. तिचा पाय धरून मी काटं काढत व्हते आन् ती माझ्या हाताचा स्पर्श झाला की अंग चोरत व्हती. शेवटी भामाबाई आली आन् तिला घेऊन गेली.

महिपती पोलिसात जाणार म्हणून गावात बोलणं निघालं. भामाबाई त्याच्या दारात जाऊन उभी राहिली आन् पडक्या दातानं म्हणली, "चल की. पोटुशी बाईला का झोडलंस ते बी सांगू, वळ बी दाखवू." मग महिपतीनं सगळीकडं सांगितलं की बोटं कडबा तोडताना गेली. मला कुणी शाबासकी दिली न्हाय, आन् मी मागितली न्हाय. सून भिगवणला दवाखान्यात चार दिवस राहिली. पोटातलं राहिलं.

बरगडी बांधून मी परसात गेले तवा वांग्याला पहिली फळं लागली व्हती. शेणखतानं चांगली टपोरी. ती मी तोडली न्हायत. झाडंच उपटली. त्याच वाफ्यात कुदळ घातली आन् संडासाचा पुरुषभर खड्डा घेतला. आमच्या मालकांनी कारखान्यातनं जुनं पत्रं आणलं, चार बाजूंनी उभं केलं, वर दोडक्याचा वेल सोडला. ह्या वेळी त्यांनी पेपर बाजूला ठेवून खड्ड्यातली माती उपसली. दाराला कडी आतनं लावली. कुलूप न्हाय ठेवलं.

आळीतल्या बाया आधी आल्या न्हायत. मग एक आली, मग दोन आल्या. भामाबाई आली, जाताना मिरच्यांना टमरेलातलं उरलेलं पाणी घालून गेली. मेघना मात्र आली न्हाय. पोरगी झाली तिला, ते मला पाळण्याच्या गाण्यावरनं कळलं.

श्रावण लागला तवा एका सकाळी मी शेपू खुरपत व्हते. मान वर केली तर मेघना कुंपणाशी उभी. हातात टमरेल. किती वेळ उभी व्हती कुणास ठाऊक.

"ये की," मी म्हणले.

ती हालली न्हाय. माझ्या तोंडाकडं बघतच न्हवती. माझ्या हाताकडं बघत व्हती. हातात खुरपं व्हतं.

मी खुरपं लांब टाकलं. दोन्ही हात मोकळं करून तिला दाखवलं. ती अजून उभीच. मग मी हात मागं घेतलं आन् भिंतीला टेकून बसले, तवा कुठं तिनं पाय आत टाकला.