दादांचा कान आणि माझे टायमिंग

मित्रांनो, मी एक जुनी पिकअप गाडी आहे. एका सुताराच्या शेडमागे पत्र्याच्या छपराखाली मी उभी असते. मी निळी होते हे आता फक्त दाराच्या आतल्या बाजूला पाहूनच कळते.

ज्या मोठ्या कारखान्यात मी तयार झाले, तिथले मला फारसे आठवत नाही. आठवते ते सुताराच्या घरी आल्यापासूनचे. टेकडीवरच्या वस्तीत मी किती दारे, खिडक्या आणि कपाटे चढवून नेली असतील! एकदा तर अख्खा जिना नेला. "आधी याला चढवू, मग याच्यावरून लोक चढतील," असे म्हणत सुतार पोट धरून हसला होता. त्याची बायको लाकडाला पॉलिश करायची. आरशाचे कपाट असले की ती मागे हौद्यात बसून ते धरायची, कारण दोरीवर तिचा भरवसा नव्हता.

माझी देखभाल तिचा थोरला भाऊ करायचा. त्याचे गॅरेज होते आणि सगळे त्याला दादा म्हणत. इंजिनात पेट्रोलचा भडका उडवणारी ठिणगी नेमक्या क्षणी पडावी लागते. तिला घाई झाली तर वर येणाऱ्या पिस्टनच्या डोक्यावरच घाव बसतो. उशीर झाला तर ताकद वाया जाते. यालाच टायमिंग म्हणतात. ते तपासायला लुकलुकणारा दिवा मिळतो. दादांकडेही तो होता, पण खोक्यातच पडून असे. ते ठिणगीची वेळ ठरवणारा डिस्ट्रिब्यूटर थोडा थोडा पुढे, म्हणजे लवकरच्या बाजूला, फिरवत, मला चढावर नेत आणि बारीक खडखड ऐकू आली की केसभर मागे घेत. तीस वर्षांत त्यांचा कान एकदाही चुकला नव्हता.

मग एका उन्हाळ्यात माझ्या इंजिनाच्या झाकणाखालची पट्टी, म्हणजे हेड गॅस्केट, जळली. दादांनी इंजिन उघडले, दोन दिवस खपून सगळे जागच्या जागी बसवले आणि टायमिंग लावायला मला चढावर नेले. शेजारी सुतार बसला होता. अर्ध्या चढावर मी खडखडू लागले. डब्यात खडे घालून हलवावेत तसा आवाज येत होता.

दादांनी मान तिरकी केली. "अजून काही वाजत नाही. पुढे घ्यायला जागा आहे," ते म्हणाले आणि उतरून त्यांनी डिस्ट्रिब्यूटर आणखी फिरवला.

मी जीव तोडून ओरडले. सुताराने ऐकले. त्याने तोंड उघडले आणि पुन्हा मिटले.

"बघा, कशी पळते!" दादा खुशीत म्हणाले.

घरी आल्यावर सुतार बायकोला म्हणाला, "गाडी खडखडतेय गं. आणि दादांना ते ऐकूच आलं नाही."

"मलाही वाटत होतं," ती म्हणाली. "हल्ली मी एक विचारते, तो दुसरंच सांगतो. पण त्याला सांगायचं कसं? कानावरच तर त्याचं सगळं चाललंय."

"राहू दे मग. माल कमी भरू, चढावर हळू नेऊ."

दोघे मूग गिळून बसले. त्यात दुष्टावा नव्हता, मायाच होती. पण त्या मायेची झळ रोज माझ्या पिस्टनला लागत होती.

चार महिन्यांनी आरशाचे एक कपाट न्यायचे होते. ती नेहमीप्रमाणे मागे बसली. चढाच्या ऐन मध्यावर माझ्या पोटात काहीतरी फुटले, धूर झाला आणि मी बंद पडले. ब्रेक लागेपर्यंत दोन हात मागे घसरले. तेवढ्यात आरसा फुटला. तिच्या उजव्या हाताला मनगटापासून पंजापर्यंत काच लागली.

दादांनी माझे इंजिन उघडले. पिस्टनला भोक पडले होते. ते बघताच त्यांचा हात थांबला.

"हे टायमिंग पुढे गेल्यानं झालंय. किती दिवस वाजत होती?"

बहीण बँडेज बांधलेला हात छातीशी धरून उभी होती.

"पहिल्या दिवसापासून, दादा."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तुला ऐकू येत नाही, हे कोणत्या तोंडानं सांगू?"

"कान गेला ते गेला गं," दादा म्हणाले. "पण तुम्ही मला हसत निरोप द्यायचात, आणि वर चढावर जीव मुठीत धरून जायचात? माझ्याच हातच्या गाडीत?"

त्यांनी नवा पिस्टन बसवला. मग खोक्यातला दिवा काढला, इंजिनाबरोबर फिरणाऱ्या पुलीवरची खूण घासून तिच्यावर खडूची रेघ ओढली आणि दिव्याची तार पहिल्या प्लगच्या वायरीला अडकवली. इंजिन सुरू झाले. दिव्याच्या लुकलुकीत फिरती रेघ जागीच थांबल्यासारखी दिसू लागली. ती पुलीशेजारच्या काट्यासमोर येईपर्यंत त्यांनी डिस्ट्रिब्यूटर फिरवला आणि नट आवळला. चढावर त्यांनी बहिणीला विचारले, "काही वाजतंय?"

"नाही, दादा."

त्यांनी तिच्याकडे पाहिले आणि तेच सुतारालाही विचारले.

ते माझे शेवटचे टायमिंग. पुढच्या महिन्यात दादांनी गॅरेज बंद केले. सिलेंडरला ओरखडे पडले होते, त्यामुळे माझी पहिली ताकद काही परतली नाही. सुताराने दुसरी गाडी घेतली. त्याच्या बायकोच्या उजव्या हाताची दोन बोटे आता मिटत नाहीत. ती डाव्या हाताने पॉलिश करते आणि मधूनच थांबते.

मित्रांनो, मला जमेल तसे मी सांगितले होते, खडखडून. माणसांना तर शब्द आहेत. आपल्या माणसाचे काही चुकत असेल, तर त्याला त्याच दिवशी सांगा. हळू आवाजात सांगा, त्याला ऐकू आले नाही तर जवळ जाऊन सांगा, पण सांगा.