ब्रेक बघून घेतलेला वॉशर

मित्रांनो, मी एक प्रेशर वॉशर आहे. पण उमेदीची पहिली काही वर्षं मी टेबल होतो.

कारखान्यात माझा जन्म झाला तेव्हा कुणाच्या मनात असं काही नव्हतं. तिथे मला मोटर बसवली, पंप बसवला, लांब काळा पाईप दिला आणि त्याच्या टोकाला पिस्तुलासारखी गन लावली. नळाचं गरीब पाणी माझ्या पोटात शिरतं आणि गनमधून असं सुसाट सुटतं, की चिखलाला पळता भुई थोडी व्हावी. एवढ्या जय्यत तयारीनिशी मी दुकानात आलो. दुकानदाराने मला खोक्यातून काढलं, माझ्यावर ‘नमुना’ अशी चिठ्ठी चिकटवली आणि डोक्यावर आपला जेवणाचा डबा ठेवला. माझे भाऊबंद खोक्यांतून एकेक करत कामाला लागले. मी डबा सांभाळत राहिलो. अधूनमधून एखादं गिऱ्हाईक माझ्याकडे बघून “वा, छान वास येतोय” म्हणायचं. मी तेवढ्यावर खूश असायचो.

एके दिवशी सकाळी आत्या आणि भाची दुकानात आल्या. आत्याच्या काखेत गाडीचा एक दरवाजा होता.

“गाडी कुठे लावलीत?” दुकानदाराने विचारलं.

“बाकीची आणली नाही,” आत्या म्हणाली.

दरवाजा भंगारातून घेतला होता आणि घरून नीट चिखल माखून आणला होता. या घरात कुठलीही वस्तू पारखल्याशिवाय घेत नसत. गादी घेताना आत्या दुकानातच घोरली होती म्हणे.

या आत्याने आयुष्यभर लोकांना गाडी चालवायला शिकवलं होतं. भाचीला गाड्या चकाकवायचं वेड. दोघींनी मिळून घराशेजारच्या गॅरेजमध्ये कार डिटेलिंग सुरू करायचं ठरवलं होतं. म्हणजे गाडी नुसती धुवायची नाही, तर चाकाच्या खाचेपासून आरशाच्या पाठीपर्यंत अशी साफ करायची, की मालकाने शेजारची गाडी समजून पुढे निघून जावं.

पहिलं गिऱ्हाईक ठरलेलं होतं. घड्याळं दुरुस्त करणारे काका त्याच दुपारी आपली निळी गाडी आणणार होते. गाडी भाचीहून वयाने मोठी आणि रंग अजून मूळचा. म्हातारा रंग फार हळवा असतो. पाण्याचा जोर जास्त झाला की टवका उडालाच. आणि काकांच्या दुकानात अख्खं गाव बसतं. टवका उडाला असता तर संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं असतं आणि गॅरेज उघडण्याआधीच बंद झालं असतं. म्हणून वॉशर निवडताना दोघींचा जीव मुठीत होता.

दुकानदाराने मागच्या अंगणात सर्वांत दांडगा वॉशर आणला. त्याला तो ‘पैलवान’ म्हणायचा. पैलवानाने दरवाज्याच्या एका कोपऱ्यावर पाणी मारलं. चिखल गेला. त्याच्या मागोमाग रंगही गेला.

“बघा, काही शिल्लक ठेवत नाही,” दुकानदार कौतुकाने म्हणाला.

“तेच दिसतंय,” भाची म्हणाली.

मग एक लहानगा वॉशर आला. त्याने दरवाज्यावर हलकेच पाणी शिंपडलं. चिखल जागचा हलला नाही.

“हा धुतोय की समजूत काढतोय?” आत्याने विचारलं.

तेवढ्यात भाचीने माझ्या डोक्यावरचा डबा उचलला. “आणि हे काय आहे?”

“ते टेबल आहे,” दुकानदार म्हणाला आणि स्वतःच चपापला. “म्हणजे, आहे तसा वॉशरच. नमुना. उद्या खोलून सुटे भाग काढणार होतो.”

मित्रांनो, हे मला त्याच क्षणी कळलं. माझ्या अंगावरची माहिती भाची वाचत होती आणि मी जमेल तितका चकाकत होतो.

“आत्या, दाब बेताचा आहे, पण पाणी भरपूर टाकतो हा. आपल्याला धूळ वाहून न्यायचीय, फोडून काढायची नाही.”

“ते झालं चालण्याचं,” आत्या म्हणाली. “थांबतो कसा?”

दुकानदाराला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. पण आत्याच्या वर्गात ॲक्सिलरेटरच्या आधी ब्रेक शिकवत. पैलवानाच्या गनचा चाप सोडला तरी त्याची मोटर गुरगुरतच राहिली होती. मला पाणी जोडलं, वीज दिली. मी आधी खोकलो, ती पाईपमधली हवा होती. आणि मग सुटलो. अहाहा, काय सांगू तुम्हाला. चिखलाचा लोंढा निघाला आणि खालचा रंग जिथल्या तिथे. भाचीने गन सोडली, त्याच क्षणी मी गप्प झालो.

“पास,” आत्या म्हणाली.

दुपारी गॅरेजमध्ये निळी गाडी आली. भाचीने आधी फेस लावून मळ भिजू दिला. मग गन हातात घेतली. मागून आत्याचा वर्ग सुरू झाला. “समोर बघ. हळू दाब. वळणावर घाई नको.” भाची बॉनेटपर्यंत पोचली आणि माझा घसा कोरडा पडला. पाणीच येईना. मोटर किंचाळायला लागली. आता पंप जळतो, असं वाटलं. भाचीने झटकन गन सोडली.

“आत्या, पाय.”

“कुठेय?”

“त्याच्या पाण्याच्या पाईपवर.”

काळजी वाटली की आत्या सवयीने ब्रेक दाबायची. तिने पाय काढला आणि पुढचा पूर्ण वेळ एका स्टुलावर मांडी घालून बसली.

गाडी पुसून झाली. काकांनी खिशातून घड्याळ बघायचं भिंग काढून डोळ्याला लावलं आणि गाडीचा रंग तपासत तिच्याभोवती फिरू लागले. पुन्हा फिरले. दोघींचा श्वास अडकला. मला श्वास नसतो, तरी अडकला.

“रंग आहे,” काका म्हणाले. ते गाडीत बसले, किल्ली लावली, समोरच्या रस्त्याकडे पाहिलं आणि परत खाली उतरले.

“काय झालं, काका?”

“बाहेर फार धूळ आहे गं. मी आपला चालत जातो. गाडी राहू दे इथेच.”

तेव्हापासून ती निळी गाडी गॅरेजच्या दारात उभी आहे. काका रोज चालत येऊन तिला बघून जातात. तिच्यामुळे इतकी गिऱ्हाइकं थांबतात, की मला दम खायला फुरसत नाही.

मित्रांनो, एकच विनंती. आम्हा यंत्रांकडून भरपूर काम करून घ्या, पण पाण्याशिवाय पळवू नका. काम संपलं की नळ बंद करून गन एकदा दाबा आणि आत अडकलेला दाब सोडून द्या. आता मला निघायला हवं. बाहेर आलेली गाडी इतकी माखलेली आहे, की तिचा रंग कोणता यावरून आत्या-भाचीचं कडाक्याचं भांडण जुंपलंय. ते मिटवणं माझ्याच हातात आहे.