अर्धी दोरी

डिलाईल रोडवरच्या आमच्या चाळीत आईची दोरी सगळे ओळखतात. गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, उजवीकडे गडद साड्या, मग फिकट होत होत डावीकडे पांढरं. बाबा गिरणीत रंगखात्यात होते. "आमच्या शेडकार्डापेक्षा सरस," म्हणायचे.

आज सकाळी समोरच्या गॅलरीतून चैत्रालीने हाक मारली. ती चित्रकला शिकते, आईच्या दोरीचे फोटो काढते.

"सुभद्राकाकू, आज कसलं भारी केलंयस गं. अर्धी दोरी रिकामी. आमचे सर बघून वेडे होतील."

"आधी शहाणे आहेत का बघ," आई म्हणाली.

मी बाहेर आले. सगळे कपडे दोरीच्या उजव्या अर्ध्यात, एकावर एक चढलेले, तरी रंगांचा क्रम अचूक. डावीकडे नुसती दोरी आणि ऊन. खरंच सुंदर होतं. मीही बघत राहिले.

"आई, एवढी दाटी कशाला? वाळणार कसे?"

"दोरी संपली गो."

"कुठे संपली?"

"ही काय." तिने बोट ठेवलं ते दोरीच्या मधोमध.

आत तिची पोह्यांची बशी होती. उजवी बाजू चाटूनपुसून खाल्लेली. डावीकडचे पोहे तसेच, मधे सुरीने कापल्यासारखी सरळ कड.

"पोहे टाकलेस?"

"खाल्ले सगळे. बघ की."

मी कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवते. मेंदूच्या उजव्या भागाचं रक्त अडलं, की माणसाच्या लेखी डावी बाजू उरतच नाही. हे सांगताना मी दर वर्षी फळ्यावर, असे रुग्ण काढतात तसं, अर्धंच घड्याळ काढते. आणि आत्ता मी उभी राहून रंग बघत होते.

"आई, चप्पल घाल. हॉस्पिटलात जायचंय. लगेच."

"कोणाला काय झालं?" तिने उजव्या पायात चप्पल घातली आणि चालू लागली. डावी मी घातली.

चैत्राली धावत जाऊन टॅक्सी घेऊन आली. टॅक्सीत बसण्याआधी आईने सवयीने वर दोरीकडे पाहिलं. खालून बघताना बाजू उलटतात. भरलेला अर्धा भाग आता तिच्या डावीकडे होता, रिकामा उजवीकडे.

तिने माझं मनगट घट्ट धरलं.

"सुचित्रा, आपले कपडे कोणी नेले?"