घट्ट झाकणाचे ड्रम

चाकणजवळच्या निघोज्यात विजयश्रीताईंचा शब्द चालायचा, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं काही कुणाला पटायचं नाही.

आरोग्य खात्याच्या आशाताई म्हणून फिरायला लागल्या तेव्हा त्यांना कुणी दारातसुद्धा उभं करत नव्हतं. रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या की बाया समोर मान डोलवायच्या आणि पाठ फिरली की गटारात टाकायच्या. त्यातून कंपन्यांच्या मागची ती सुभद्राबाईंच्या खोल्यांची गल्ली म्हणजे लातूर, बीड, परभणीकडून आलेली बिऱ्हाडं. आज आहेत तर उद्या नाहीत. पण ताई पक्क्या चिवट. कुणाच्या बाळंतपणाला रिक्षात शेजारी बसून गेल्या, कुणाच्या सासूशी कडकडून भांडल्या, कुणाच्या नवऱ्याला कंपनीच्या गेटवर गाठून चारचौघांत झापलं. करता करता गल्लीला त्यांची सवय लागली. "आशाताईंनी सांगितलंय" म्हटलं की वाद तिथंच मिटायचा.

खोल्यांची मालकीण सुभद्राबाई जुनी गावकरीण, तोंडानं फटकळ. ती म्हणायची, "तुजं काय बाई! तू सांगितलंस तर ह्या बाया पायात बांगड्या बी घालतील."

ताई वरवर रागावायच्या, पण आतून त्यांना गोड लागायचं. का लागू नये? वर्षानुवर्षं चपला झिजवल्या होत्या त्यासाठी.

ड्रमचं खूळ ताईंच्याच डोक्यातलं. गेल्या पावसाळ्यात गल्लीत घरटी डेंग्यू झाला. पाणी एक दिवसाआड येणार, मग लोक मिळेल त्यात साठवणार, आणि उघड्या टाक्यांत डासांची पैदास. पाणी झाकून ठेवा, झाकून ठेवा, असं सांगून ताईंचा घसा बसला. शेवटी बाया वैतागून म्हणाल्या, "झाकायचं कशानं ताई, पदरानं?" ताई उठल्या. त्या तडक चाकण रोडवरच्या हनीफभाईंच्या भंगाराच्या दुकानात गेल्या. तिथं निळे प्लास्टिकचे ड्रम रचून ठेवले होते. लोखंडी कडी आवळली की झाकण असं बसायचं की मुंगीला वाट नाही. ताई हरखून गेल्या.

हनीफभाई म्हणाले, "ताई, कंपनीतला माल आहे. धुण्याला न्या, बांधकामाला न्या. प्यायला नका वापरू."

"हो हो," ताई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांपुढे त्या वेळी फक्त डास होते. बायांना त्यांनी ड्रम सोड्यानं घासून धुवायला लावले, स्वतः एकेका ड्रममध्ये डोकं घालून वास घेतला. वास गेला म्हणजे सगळं गेलं, असं त्यांनी आपलं ठरवून टाकलं. आणि दहा बाय दहाच्या खोलीत धुण्याचा वेगळा नि पिण्याचा वेगळा असे दोन ड्रम कोण ठेवणार होतं? हे ताईंना कळत नव्हतं थोडंच!

पुढं गल्लीत डेंग्यू आलाच नाही. आरोग्य केंद्राच्या मीटिंगला साहेबांनी ताईंना उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या. ड्रमच्या रांगेपुढचा त्यांचा फोटो ग्रुपवर फिरला. लाजत लाजत त्यांनी तो स्टेटसला ठेवला आणि काढायचं नावच घेतलं नाही.

त्या गल्लीत ताईंचा सगळ्यात जास्त जीव होता तो स्वरूपावर. लातूरकडची पोर, नवरा ज्योतीराम कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेस शॉपला शिफ्टमध्ये. पहिलं मूल पोटातच गेलेलं. ताईंनी तेव्हा तिला दवाखान्यात मांडीवर डोकं घेऊन रडू दिलं होतं. आता पुन्हा दिवस राहिले तशी ती ताईंचा शब्द खाली पडू देत नव्हती. गोळी जेवणानंतर म्हणजे जेवणानंतर, दुपारी डाव्या कुशीवर म्हणजे डाव्या कुशीवर. बाकीच्या बाया तिची टिंगल करायच्या. पण ताईंनी मनाशी घट्ट धरलं होतं की हे मूल हिच्या हातात आलंच पाहिजे.

होळीच्या सुमारास स्वरूपाच्या तोंडात फोड आले. पोटात कळा यायच्या, जिभेवर लोखंडाची चव यायची. गल्लीतली दोन-चार पोरंही ओकत होती. ऊन वाढलंय, ताई म्हणाल्या, आणि सगळ्यांना मीठ-साखरेचं पाणी प्यायला सांगितलं. पाणी कुठलं, ते तुम्ही ओळखलंच असेल.

एका सकाळी हनीफभाई स्कूटर घेऊन ताईंच्या दारात. चेहरा उतरलेला.

"ताई, काल तुमच्या गल्लीत भंगार उचलायला गेलो होतो. एक बाई त्या ड्रममधनं तांब्या भरून पोराला पाजत होती. या अल्ला! तो लॉट धातूला मुलामा देणाऱ्या प्लेटिंगवाल्यांकडचा आहे. कसली कसली केमिकलं असतात त्यात. प्लास्टिकमध्ये मुरतं ते, धुऊन जात नाही. मी बोललो होतो ना तुम्हाला?"

"बोलला होतात."

"सगळे परत घेतो मी, फोडून टाकतो. पण त्यांना खरं काय ते सांगा."

"सांगते," ताई म्हणाल्या.

आणि त्या निघाल्याही तशाच, चहा न घेता. वाटेनं जुळवाजुळव करत होत्या, बायांनो, माझं चुकलं, त्या ड्रममध्ये विष आहे. गल्लीत पाण्याची वेळ होती. नळावर सगळ्या जमलेल्या. ताई दिसल्याबरोबर तनुजा नावाची बाई कडेवरच्या पोराचा हात धरून म्हणाली, "ह्या बघ कोण आल्या, ह्यांच्यामुळं तू वाचलास बरं का!"

झालं. चारी बाजूंनी माया करणाऱ्या त्या तोंडांकडे बघून ताईंना वाटलं, आता खरं बोलले तर उद्या ह्या माझ्याकडून पोलिओचा थेंबही घेणार नाहीत.

"वरून आदेश आलाय," त्या म्हणाल्या. "ड्रममध्ये पाणी साठवायचं नाही आता. हनीफभाई परत न्यायला येतील."

"का ओ?"

"नवा नियम आहे."

सुभद्राबाई कट्ट्यावरून ओरडली, "काल ठिवा म्हनली, आज काढा म्हनतीया! साहेबांच्या डोक्यात वारं भरलंय का?"

सगळ्या हसल्या. ताईही हसल्या. काहींनी ड्रम परत दिले, काहींनी चांगली वस्तू आहे, उपयोगी पडेल म्हणून ठेवून घेतले. पाणी मात्र एकीनंही ठेवलं नाही. ताईंनी घरोघर बघून खात्री केली आणि सुटकेचा निःश्वास सोडला. पाणी बंद झालं ना? मग कारण सांगितलं काय, न सांगितलं काय! माणूस स्वतःला किती चटकन माफ करतं बघा.

महिना गेला. पोरांचं ओकणं थांबलं. स्वरूपाचे फोड मात्र जाईनात. वजन भरेना, डोळ्यांखाली काळं पडलं. पहिल्या खेपेलाही मूल असंच सुकत सुकत गेलं होतं.

भर दुपारी त्या तिच्या खोलीत गेल्या. स्वरूपा भाकऱ्या थापत होती.

"पाणी कुठलं पितेस ग?"

"हंड्यातलंच की ताई. तुम्ही सांगितल्यापास्नं ड्रमात थेंब नाही भरला. आईशप्पथ."

"मग हे असं का व्हावं?"

"मला काय कळायलंय! बसा तुम्ही, गरम भाकर खाऊन जावा. सासूबाईनं गावाकडची ज्वारी धाडलीय, लई चव हाय." तिनं हात झटकले आणि कोपऱ्याकडे बोट केलं. गोधडीखाली निळा ड्रम उभा होता. "पाणी ठेवायचं नाही म्हणलात, मग त्यात ज्वारी भरली. वल्लाच होता थोडा, पण झाकण कसं घट्ट बसतंय बगा, उंदराचं भ्याव नाही. पिठाचा डबा बी नव्हता, पीठ बी त्यातच ठेवायले."

तव्यावरची भाकरी टम्म फुगली होती. ताईंनी हात पुढे करून ती तशीच उचलली, बोटं पोळली तरी सोडली नाही.

"खाऊ नकोस हे. एक घाससुद्धा नको."

"अगंबाई, हात पोळला की! काय झालं ताई?"

आता मागं सरायला जागा नव्हती. ताईंनी सांगितलं. प्लेटिंगचं केमिकल, प्लास्टिकमध्ये मुरलेलं, हनीफभाईंनी आधी दिलेली ताकीद, मग दारात येऊन सांगितलेलं सगळं. सांगताना त्या तिच्या पोटाकडे बघू शकत नव्हत्या.

स्वरूपा पिठाचे हात मांडीवर ठेवून ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे त्या दिवशी नळावर तुम्हाला ठाव होतं."

"होतं."

"मग इष हाय म्हणून का नाही सांगितलं? मी काय येडी हाय का, इषात दाणे भरायला?"

"माझं चुकलं, स्वरूपा. मला लाज वाटली. माझं नाव जाईल असं वाटलं." ताईंचा आवाज फाटला. "ते नंतर बोल, मला काय वाटेल ते बोल. आत्ता माझ्याबरोबर मोठ्या दवाखान्यात चल. रक्त तपासू, सोनोग्राफी करू. बाळाचं बघू दे आधी. चल ग, पाया पडते तुझ्या."

"तुम्ही जावा भाईर."

"स्वरूपा…"

"जावा म्हणले ना!"

दार लागलं, आतून कडी पडली. ताई गल्लीत उभ्या राहिल्या. समोर तनुजा कपडे वाळत घालत होती, दोन बाया तांदूळ निवडत होत्या. ताईंनी एकदा श्वास घेतला आणि नळावर सांगायचं होतं ते सगळं तिथं मोठ्यानं सांगून टाकलं. कुणाच्या ड्रममध्ये डाळ होती, कुणाच्या मीठ-मसाला. आधी कुणाला खरंच वाटेना, मग एकच गलका झाला. तनुजानं पोराला छातीशी आवळलं आणि ताईंना असली शिवी हासडली की ती इथं लिहिता येत नाही. ताईंनी ती ऐकून घेतली. एकीनं त्यांची पिशवी हिसकून रस्त्यावर भिरकावली, गोळ्यांची पाकिटं धुळीत पसरली. ती गोळा करायलाही ताई वाकल्या नाहीत. त्यांचं सगळं लक्ष त्या बंद दाराकडे होतं. उघड ग बाई, उघड, एवढंच त्या मनात म्हणत होत्या.

दार उघडलं. स्वरूपा साडी बदलून, दवाखान्याची फाइल काखेत मारून बाहेर आली. डोळे कोरडे होते. गलका आपोआप कमी झाला. ताई रिक्षा बोलवायला म्हणून पुढं धावल्या.

स्वरूपा त्यांना वळसा घालून सुभद्राबाईच्या कट्ट्यापाशी गेली.

"मावशी, माझ्यासंगं दवाखान्यात चलता का? कुणीतरी जाणतं माणूस पायजे."

सुभद्राबाईनं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा ताईंकडे. गुडघ्यावर हात टेकून ती उठली. "चल," म्हणाली, "चप्पल घालू दे."

दोघी रिक्षात बसल्या. ताई रिक्षाच्या दांडीला धरून घाईघाईनं सांगायला लागल्या, कुठल्या खिडकीवर जायचं, डॉक्टरांना ड्रमचं आधी सांगायचं. स्वरूपानं रिक्षावाल्याला निघायला सांगितलं.